सोमवारी दुकान बंद

सोमवारी वस्तरे झोपतात,
म्हणून पन्हाळा सोमवारीच.
वाघबिळाच्या वळणाला सुजलला मळमळतं दरवेळी,
त्याच्या खिशात आवळासुपारी,
माझ्या खिशात सवयीनं कंगवा.

गडावर शिरलं की आधी बाजीप्रभू.
तिथं सहलीची पोरं, एक मास्तर शिट्टी फुंकतोय.
मग तीन दरवाजा, मग अंबरखान्यातला गारवा.
अंधारबावीत वाकून पोरगं हाका मारतं
स्वतःच्याच नावानं,
आणि उत्तर आलं की खूश.
मी घड्याळ बघतो.
मला एकाच पुतळ्यापाशी थांबायचं असतं.

शिवा काशीद.
नेबापूरचा. आमच्यातला.
हे शब्द म्हणताना माझी पाठ
आपोआप ताठ होते,
एरवी दिवसभर खुर्चीवर वाकलेली.

माणसं हात जोडतात, फुलं वाहतात.
मी दाढी बघतो. काय करणार, धंद्याची नजर.
कल्ले बरोबर उतरलेत,
गालावरची रेघ मात्र जरा वर गेलीय,
मला दिला असता वस्तरा तर…

"आप्पा," सुजल म्हणाला,
"त्या रात्री त्याची दाढी कुणी केली असंल?"

पुस्तकात चार वाक्यं:
रूप सारखं होतं. पालखीत बसला.
ओळखला गेला. मारला गेला.
ह्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न.

पण रूप असं नुसतं सारखं नसतं रे,
पंचवीस वर्षं चेहरेच करतोय मी.
कल्ला अर्धं बोट खाली आला
की बायको नवऱ्याला वळून बघते.
कुणीतरी दिवटी धरली असणार,
बाहेर आषाढ कोसळत असणार,
वाटीत पाणी, पाण्यात ज्योत हलणारी,
आणि त्यानं स्वतःच, मला वाटतं, स्वतःच,
गावाच्या हनुवट्या धरलेला हात
पहिल्यांदा आपल्या हनुवटीला लावला.
कुणी लिहून ठेवलेलं नाही हे.
मी आपला हातावरून अंदाज करतो.
गळ्याशी आल्यावर वस्तरा थांबतो प्रत्येकाचा.
त्याचाही थांबला असंल,
श्वासभर.

फेब्रुवारी लागला की गंगावेशीतली पोरं
दुकानाबाहेर बाकड्यावर नंबर लावतात.
"मामा, महाराजांसारखी."
मोबाईल वर धरतात, चित्र दाखवतात,
चंद्रकोर, टोकदार दाढी, शंभर रुपये.
मी एकेकाला राजा करून खुर्चीवरनं उतरवतो.
ते आरशात वळून वळून बघतात, सेल्फी काढतात,
मग गाडीला किक मारून निघून जातात.
पालखीचं कुणी विचारत नाही.
मीही काढत नाही विषय. गिऱ्हाईक आहे.

सज्जाकोठीमागं झुणका-भाकर खाताना
सुजल खाली दऱ्याकडं बघत होता.
हा पोरगा शाळेत
बापाचं 'खाजगी दुकान' आहे म्हणून लिहितो.
ते फॉर्मवर वाचलं होतं मी,
बोललो नव्हतो.
भाकरी मोडत तो म्हणाला,
"मानेमागचं कसं जमलं असंल त्याला?
तुमाला तर तुमचं जमत नाही."

खरंय. मला माझं जमत नाही.
शाहूपुरीतला मारुतीदादा करतो माझी मान,
मी त्याची. उधारी दोघांचीही चालू.

परतीच्या एसटीत तो झोपला,
तोंडाला दही, डोकं माझ्या खांद्यावर.
केर्लीपाशी उजेड गेला.
मी सवयीनं त्याच्या मानेवरनं बोट फिरवलं,
केस वाढलेत. पुढच्या आठवड्यात कापायला पाहिजेत.

मंगळवारी शटर वर केलं तेव्हा
शाळेचं दप्तर पाठीला तसंच ठेवून
तो आत आला, न सांगता
मागचा छोटा आरसा उचलला
आणि माझ्या मानेमागं धरला.
तिरका धरला होता.
मला दिसला फक्त माझा डावा कान,
कॅलेंडरचा अर्धा जानेवारी,
आणि त्याच्या मनगटावरचा
गडावर घेतलेला भगवा दोरा.
"जरा खाली घे," मी म्हणालो.
"हं. अजून."